सुध्याची बढती आणि फॅरागट

सुध्याची बढती तिसऱ्यांदा हुकली. त्याच्याहून सहा वर्षांनी लहान पोरगा साहेब होऊन बसला. गिरगावातल्या आमच्या कट्ट्यावर हा विषय सलग चार संध्याकाळी चघळून झाला आणि पाचव्या संध्याकाळी थेट अमेरिकेच्या यादवी युद्धात जाऊन पोचला. त्याला जबाबदार मन्या. त्याला सध्या त्या युद्धातल्या आरमाराचं वेड लागलंय. दर वर्षी काहीतरी लागतंच, गेल्या वर्षी मधमाश्या होत्या.

सुध्या म्हणाला, "सीनियॉरिटी हा एकच खरा न्याय. बाकी सगळी वशिलेबाजी."

मन्याने कटिंगचा ग्लास बाजूला ठेवला. "अमेरिकन आरमारात हाच न्याय होता. १८६१ साली दक्षिणेतली राज्यं फुटून उत्तरेशी युद्ध पेटलं, तेव्हा अधिकाऱ्यांच्या ज्येष्ठतेच्या यादीत सगळ्यात वर कोण होता? चार्ल्स स्ट्युअर्ट. जन्म १७७८."

"मग काय बिघडलं?" नाना म्हणाले. नानांना यंदा ब्याऐंशी पूर्ण होतील.

"निवृत्तीचं वयच नव्हतं हो नाना. वरचा गेल्याशिवाय खालचा सरकायचा नाही. डेव्हिड फॅरागट नवव्या वर्षी आरमारात लागला. बाराव्या वर्षी शत्रूचं पकडलेलं जहाज बंदरात न्यायला दिलं होतं त्याच्याकडे. आणि पुढे? १८२५ ला लेफ्टनंट, १८४१ ला कमांडर, १८५५ ला कप्तान. संपलं. त्याच्या वर पदच नाही. ॲडमिरल म्हटलं की राजेशाहीचा वास येतो म्हणून अमेरिकनांनी ते पदच ठेवलं नव्हतं."

सुध्याने बोटांवर हिशेब केला. सोळा वर्षं, मग चौदा. "हे तर माझंच सर्व्हिस बुक आहे," तो म्हणाला. त्या क्षणापासून फॅरागट त्याचा माणूस झाला, आणि पुढचा सगळा वाद त्यामुळेच चिघळला.

कारण फॅरागट वर आला तो यादी मोडून. लिंकनचा नौदलमंत्री गिडियन वेल्स हा मूळचा वर्तमानपत्रवाला. डोक्यावर केसांचा टोप, पांढरीशुभ्र दाढी. लिंकन त्याला 'फादर नेपच्यून' म्हणायचा. डिसेंबर १८६१ मध्ये कायदा आला: बासष्टीला निवृत्ती, आणि ताफ्याचा प्रमुख नेमताना ज्येष्ठता पाहायची सक्ती नाही. दक्षिणेचं बंदर न्यू ऑर्लिन्स घ्यायला वेल्सने निवडला फॅरागट. यादीत तो बराच खाली होता. वर तो दक्षिणेतला, टेनेसीत जन्मलेला, बायको आणि घर व्हर्जिनियातल्या नॉरफोकचं. पण एप्रिल १८६१ मध्ये व्हर्जिनिया फुटून निघाली तेव्हा या माणसाने बायको-मुलाला घेऊन लगोलग गाव सोडलं आणि न्यूयॉर्ककडे बिऱ्हाड हलवलं. वेल्सच्या ते लक्षात राहिलं होतं. गंमत म्हणजे तेव्हा फॅरागटला काम काय दिलेलं? कुणाकुणाला निवृत्त करायचं ते ठरवणाऱ्या मंडळावर बसायचं.

"आणि त्याचं मन चाचपायला पाठवला कोणाला?" मन्या रंगात आला होता. "डेव्हिड पोर्टरला. पोर्टरच्या बापानेच फॅरागटला लहानपणी घरी आणून वाढवलेलं. म्हणजे मानलेला भाऊ."

सुध्या उसळलाच. "हा वशिला नाही तर काय? घरचाच माणूस शिफारस करायला! आणि तो पोर्टर, त्याला काय मिळालं?"

मन्या जरा अडखळला. पोर्टर नुसता कमांडर होता. ऑक्टोबर १८६२ मध्ये त्याला अख्ख्या कप्तानांच्या रांगेवरून उचलून मिसिसिपीच्या ताफ्यावर हंगामी रिअर ॲडमिरल केलं.

"बघ! बघ!" सुध्या.

आता इथे मी मध्ये पडलो. हंगामी असो की वशिल्याचा, १६ एप्रिल १८६३ च्या रात्री मिसिसिपीकाठच्या व्हिक्सबर्गच्या तोफांखालून जहाजं काढून उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्या फौजेला नदी ओलांडायची सोय केली ती पोर्टरनेच. आणि फॅरागटचं न्यू ऑर्लिन्स बघ. खाली नदीच्या तोंडाशी दोन किल्ले. पोर्टरच्या उखळी तोफांनी सहा दिवस मारा केला, किल्ले हटले नाहीत. फॅरागटने २४ एप्रिल १८६२ ला पहाटेच्या अंधारात जहाजं किल्ल्यांच्या मधूनच पुढे दामटली. किल्ले मागे तसेच उभे, शहर मात्र हातात. त्याच जुलैत रिअर ॲडमिरल हे पद निर्माण झालं आणि पहिलं त्यालाच मिळालं.

चीफ इतका वेळ गप्प होता. चीफ म्हणजे आमचा मर्चंट नेव्हीतला निवृत्त चीफ इंजिनियर, ज्याला शौर्याच्या गोष्टींचा कंटाळा आहे. तो म्हणाला, "जो जिंकला त्याची निवड बरोबर, हे कोणीही म्हणेल. ड्यू पॉन्टचं काय?"

ड्यू पॉन्ट हा उत्तरेच्याच आरमारातला, साउथ कॅरोलिनातलं पोर्ट रॉयल जिंकून हिरो झालेला. ७ एप्रिल १८६३ ला नऊ चिलखती जहाजं घेऊन तो दक्षिणेच्या चार्ल्सटन बंदरावर गेला. वॉशिंग्टनला वाटत होतं, लोखंडाची जहाजं आहेत, शहर तासाभरात शरण येईल. किल्ल्यांच्या तोफांनी दोन तासांच्या आतच झोडून काढलं. 'किओकक' नावाच्या एकाच जहाजाला नव्वदेक गोळे लागले, दुसऱ्या दिवशी सकाळी ते बुडालं. ड्यू पॉन्टने पुन्हा हल्ला करायला नकार दिला आणि त्याची उचलबांगडी झाली. "आणि चार्ल्सटन पडलं कधी?" चीफ म्हणाला. "फेब्रुवारी १८६५. तेही उत्तरेच्या शर्मनची फौज जमिनीवरून जवळ आली म्हणून दक्षिणवाल्यांनी रिकामं केलं. मशिनची मर्यादा ज्याला कळली त्याला घरी बसवलं."

मला हे पटलं. मन्याला नाही. त्याने फॅरागटची मोबिल बेची लढाई काढलीच. काढणार हे ठाऊकच होतं.

५ ऑगस्ट १८६४. उपसागराच्या तोंडाशी दक्षिणेने पाण्यात सुरुंग पेरलेले. त्यांना तेव्हा टॉर्पेडोच म्हणायचे. उत्तरेचं पुढचं चिलखती जहाज 'टेकम्से' सुरुंगावर गेलं आणि दोनेक मिनिटांत नव्वदहून जास्त माणसांसकट तळाशी. ताफा थबकला. फॅरागट आपल्या 'हार्टफर्ड' जहाजाच्या दोरखंडांच्या शिडीवर चढलेला, तोफांच्या धुराच्या वर दिसावं म्हणून. पडू नये म्हणून त्याला दोरीने बांधलेलं. त्याने जहाज सुरुंगांवरूनच घातलं. त्याच्या तोंडी 'सुरुंग गेले खड्ड्यात, पुढे चला' अशा अर्थाचं जे प्रसिद्ध वाक्य घालतात ते शब्दशः किती खरं यावर वाद आहेत. पण तळाखाली सुरुंगांच्या टोप्या वाजलेल्या जहाजावरच्या लोकांनी ऐकल्या, आणि एकही फुटला नाही. बरेच दिवस पाण्यात राहून दारू निकामी झालेली.

"म्हणजे नशीब," चीफ.

"नशीबच. पण आतल्या बाजूला कोण उभा होता ते बघा." मन्याचा आवाज खाली आला. "फ्रँकलिन ब्यूकॅनन. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीचा १८४५ सालचा पहिला प्रमुख. मेरीलँड फुटेल असं समजून १८६१ मध्ये राजीनामा दिला. मेरीलँड फुटलं नाही. त्याने राजीनामा परत मागितला, वेल्सने दिला नाही. मग तो दक्षिणेत गेला. मार्च १८६२ मध्ये चिलखती 'व्हर्जिनिया' घेऊन त्याने 'काँग्रेस' जहाज जाळलं, त्यावर त्याचा सख्खा भाऊ खजिनदार होता."

कोणी काही बोललं नाही. चहावाल्याचा पोऱ्या ग्लास गोळा करत होता.

"आणि 'हार्टफर्ड'च्या ज्या कप्तानाने फॅरागटला दोरीने बांधायला लावलं, तो पर्सिव्हल ड्रेटन. मूळचा साउथ कॅरोलिनाचा. पोर्ट रॉयलला त्याने ज्या किल्ल्यांवर गोळे टाकले, तिथला सेनापती त्याचा थोरला भाऊ."

ज्येष्ठता, गुणवत्ता, वशिला हे सगळं बोलत असताना मला हेच वाटत होतं. वेल्सपुढचा पहिला प्रश्न कोण हुशार हा नव्हताच. सगळे एकाच मेसमध्ये जेवलेले, एकमेकांचे शिक्षक आणि शिष्य. कोण आपला, हे आधी ठरवायचं होतं. फॅरागटने ते घर सोडून सांगितलं. ब्यूकॅननला सांगता आलं नाही. मोबिलला तो एकटं 'टेनेसी' जहाज घेऊन अख्ख्या ताफ्यावर चालून गेला, पाय मोडला, शरण आला. मग फॅरागटच्या विनंतीवरून किल्ल्यावरच्या दक्षिणी सेनापतीने जहाज जाऊ दिलं, आणि दोन्ही बाजूंचे जखमी एकाच जहाजातून पेन्साकोलाच्या इस्पितळात गेले.

नाना काळबादेवीला कापसाच्या पेढीवर आयुष्यभर होते. ते म्हणाले, "तुमच्या त्या उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली, तिथला कापूस अडला, म्हणून मुंबईला कापसाचे पैसे मिळाले. मँचेस्टरला माल कुठून मिळणार? राजाबाई टॉवर उभा आहे तो त्याच पैशावर. प्रेमचंद रायचंदने आईच्या नावाने बांधला. आणि १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव पडला, बॅक बेमध्ये भराव घालणाऱ्या कंपनीच्या शेअरवाल्यांचा बाजार बसला."

"म्हणजे ॲडमिरलला बढती आणि आपल्याला दिवाळं," मन्या.

सुध्या मात्र मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली.

"अरे, फॅरागटच्या वर यादीत जे होते ना, ज्यांना डावललं," तो म्हणाला, "त्यांची नावं कुठे मिळतील?"

मन्याला सांगता आलं नाही.