देठ जागा, शेंडा झोपेत

रात्री अकराला साडेपाचचा गजर लावणारा मी आणि साडेपाचला तो बंद करणारा मी, ही दोन वेगळी माणसं आहेत हे घरात कुणाला पटत नाही. ‘मनावरच घेत नाही!’ असा शेरा मिळतो. अहो, घ्यायचं कशावर? मन ज्या भागात राहतं, तो मेंदूचा शेंडा त्या वेळी पांघरुणात असतो.

जाग येते ती खालून. मानेच्या वर मेंदूचा अंगठ्याएवढा देठ आहे, ब्रेनस्टेम. १९४९ साली मोरुझ्झी आणि मॅगून या शास्त्रज्ञांनी गुंगी दिलेल्या मांजराच्या या देठात वीज सोडली, तर मेंदूच्या संथ, मोठ्या लाटा जागेपणासारख्या बारीक आणि जलद झाल्या. माझ्या गजराकडूनही हीच अपेक्षा असते. फक्त मांजराला स्नूझचं बटण नव्हतं.

देठातली मुख्य मंडळी म्हणजे लोकस सेरुलियस हा पेशींचा पुंजका, शब्दशः ‘निळी जागा’. दोन्ही बाजू मिळून पेशी लाखाच्या आत, पण जागं ठेवणाऱ्या रसायनाच्या, म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या तारा अख्ख्या मेंदूभर. जागेपणी या पेशी सेकंदाला साधारण एक ते तीन ठोके देतात, झोप लागली की मंदावतात आणि स्वप्नांच्या रेम झोपेत जवळजवळ गप्प होतात. शेजारच्या राफे नावाच्या पुंजक्यातल्या, सेरोटोनिन हे रसायन सोडणाऱ्यांचीही तीच तऱ्हा. मात्र पॉन्स या देठाच्या मधल्या भागातल्या अ‍ॅसिटिलकोलिनवाल्या पेशी जागेपणीही कामावर आणि रेममध्येही. म्हणजे मांडवात दिव्यांचा लखलखाट, आणि यजमानांचा पत्ता नाही. अशा मांडवात मी दहावीच्या गणिताच्या पेपरला बनियनवर बसलेला असतो आणि त्यात मला काहीच वावगं वाटत नाही.

स्वप्नात पळताना पलंगावरून खाली का पडत नाही? त्याच पॉन्समधून खाली हुकूम जातो आणि मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशींवर ग्लायसिन आणि गाबा या रसायनांचा ब्रेक लागतो. सुटतात ते मुख्यतः डोळे आणि श्वासाचा पडदा. फ्रेंच शास्त्रज्ञ झुवे यांनी मांजरांच्या पॉन्समधला हा ब्रेकच निकामी केला, तर ती भर रेम झोपेत उठून नसलेल्या उंदरावर झडप घालू लागली. उलटही होतं: जाग येते पण ब्रेक सुटत नाही. डोळे उघडे, पंखा दिसतोय, बोट हलत नाही. ‘छातीवर भूत बसलं’ म्हणतात ते हेच. बहुतेक वेळा दोन-चार मिनिटांच्या आत आपोआप उतरतं, लिंबू-मिरची लागत नाही.

रेमचे हप्ते साधारण दर दीड तासाने येतात आणि पहाटेकडे लांबत जातात. त्यामुळे साडेपाचचा गजर अनेकदा नेमका त्यातच घुसतो. पहिली दोन वाजवणी तर परीक्षेच्या घंटेतच खपतात. रात्री सर्दीसाठी क्लोरफेनिरामिनची गोळी घेतली असेल तर बघायलाच नको. देठाच्या जरा वर हायपोथॅलॅमसमध्ये जागं ठेवणारी, हिस्टामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची वस्ती आहे. गोळी नाकाबरोबर तिचाही आवाज बंद करते.

खरी गोम पुढे आहे. जाग आल्यावर देठ आणि त्याच्या वरचं थॅलॅमस हे निरोपकेंद्र पाचेक मिनिटांत रुळावर येतात. कपाळामागचा निर्णय घेणारा भाग मात्र पाव ते अर्धा तास रेंगाळतो. ‘अजून नऊच मिनिटं’ हा ठराव त्या काळात, अध्यक्षांच्या गैरहजेरीत मंजूर होतो. यावर उतारा चहा, पण त्यातलं कॅफिन झोप आणणाऱ्या ॲडेनोसिनची जागा अडवून अंमल दाखवेपर्यंत अर्धा तास सहज जातो. शिवाय तो चहा करायला आधी उठावं लागतं.

म्हणून जाणकार सांगतात, मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. ठेवला. मी उठतो, चालत जातो, गजर बंद करतो, परत येऊन झोपतो, आणि सात वाजता यातलं काही आठवत नाही. इथेही देठाचाच हात. पावलं टाकायला लावणारं एक केंद्र त्याच्या वरच्या टोकाला आहे. १९६६ मध्ये रशियन संशोधकांनी वरचा मेंदू तोडून वेगळा केलेल्या मांजराला, हे केंद्र चेतवून, फिरत्या पट्ट्यावर चालवून दाखवलं. चालायला शेंडा लागत नाही, हे मी रोज स्वखर्चाने सिद्ध करतो.

सध्या मोबाइल स्वयंपाकघरात, कपाटाच्या वर, स्टुलावर चढल्याशिवाय हाताला लागणार नाही असा ठेवतो. तोल सांभाळणारे व्हेस्टिब्युलर केंद्रकही देठातच आहेत, हे स्टूल विकत आणल्यावर लक्षात आलं.