दुतोंड्या कनेक्शन

आमचा वाडा पंचवटीतला. माती-विटांच्या दीड हात जाड भिंती, त्यांच्यापुढे वायफायने केव्हाच हात टेकले. त्यामुळे माडीवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरला नेट द्यायचं तर वायर ओढणं आलं. "भिंतीला भोक पडणार नाही," नानांनी बजावलं. मग वायर खिडकीतून निघाली आणि चौकातल्या दोरीच्या आधाराने माडीवर चढली. ही केबल 100 मीटरपर्यंत चालते, आमची जेमतेम 20. दुसऱ्या दिवशी आईने तिच्यावर दोन पंचे वाळत घातले.

खरा घाम काढला तो टोकाच्या क्लिपने. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम मी रामरक्षेसारखा घोकला. आठ तारा चिमटीत सपाट धरायच्या, एका रेषेत कापायच्या, आत सरकवायच्या. नेमकी तेव्हाच हिरवी निळीच्या मांडीवर जाऊन बसते. चार क्लिपा वाया गेल्या. पाचवी बसली आणि राउटरचा दिवा लुकलुकला.

सेटिंग सोपं होतं. खालच्या कॉम्प्युटरमध्ये नेटवाल्या मुलाने 192.168.1.2 असं काहीसं लिहून ठेवलेलं. मी ते वर जसंच्या तसं उतरवलं, शेवटच्या दोनासकट.

तेव्हापासून वाड्यातल्या न्हाणीघराचा नियम नेटला लागू झाला: जो आधी उठेल त्याचा नंबर. बायकोने आधी मशीन चालू केलं की मी कोरडा, मी आधी केलं की ती. भल्या पहाटे जिन्यावरून चोरपावलांनी जाताना आम्ही एकमेकांना पकडलंय. कोपऱ्यात एक इंग्रजी चौकट यायची, ती मी फुली मारून घालवायचो. न वाचता ओके म्हणणं आमच्या घराण्यातच आहे.

आठवडाभराने शेजारची अकरावीतली पोरगी आली. तिने ती चौकट चक्क वाचली. "काका, दोन बिऱ्हाडांना एकच घरनंबर दिलाय तुम्ही! आणि हातानं कशाला लिहिलात? राउटर आपणहून वाटतो की." तिने दोन्हीकडे 'आपोआप'वर टिचकी मारली आणि लाडू खाऊन गेली.

नाना सगळं बघत होते. "म्हणजे एकच पाणी, तोंडं दोन. दुतोंड्या मारुतीच हा!" गोदेला पूर आला की नाना बातम्या लावत नाहीत, पाणी नदीपात्रातल्या त्या दोन तोंडांच्या मारुतीच्या कुठवर चढलं तेवढं विचारतात. आता पूर असो नसो, जेवताना माझ्याकडे बघून विचारणार, "काय रे, आज कुठवर?"

काल गुडघ्यापर्यंत होतं. बायको खाली सिनेमा बघत होती.