नुसते दुवे वाढवून एकमत लवकर होत नाही

बडोद्यातल्या आमच्या मराठी इंजिनिअर मंडळींत एक संदेश सारखा फिरतोय: ‘सेन्सरांच्या जाळ्यात एकमत लवकर हवं तर दुवे वाढवा. सगळ्यात वेगवान रचना म्हणजे मधोमध एक केंद्र. आणि वेग सुधारायला पूर्ण जाळ्याचा नकाशा एका जागी लागतोच.’ मुलं प्रोजेक्टला हेच धरून बसतात, म्हणून लिहितोय. एकमत म्हणजे सगळ्या सेन्सरांचे आकडे एकाच सरासरीवर येणं, आणि दुवा म्हणजे दोन सेन्सरांची एकमेकांशी जोडणी.

आधी दुवे. समजा, आमच्या सुरसागर तलावाच्या काठाने पाण्याचं तापमान मोजणारे २० सेन्सर गोल लावलेत. प्रत्येक जण फक्त डाव्या-उजव्या शेजाऱ्याशी बोलतो आणि दर फेरीला आपला आकडा त्यांच्याकडे थोडा सरकवतो. किती सरकवायचा ते अगदी चोख ठरवलं, तरी फरक शंभराव्या हिश्शावर यायला ९५ फेऱ्या लागतात. आता प्रत्येकाला बरोबर समोरच्या काठावरच्या सेन्सरशी जोडा. दुवे वाढले दहाच, फेऱ्या उरल्या ३६! त्याऐवजी प्रत्येकाला शेजाऱ्याच्या शेजाऱ्याशी जोडलं, तर वीस दुवे वाढवूनही ३० फेऱ्या लागतातच. दुप्पट खर्च करून वाचल्या सहा. कारण वेग ठरतो लाप्लासियन मॅट्रिक्सच्या (कोण कोणाशी जोडलंय ते मांडणारा आकड्यांचा तक्ता) दोन आयगेनमूल्यांच्या (त्या तक्त्यातून निघणारे खास आकडे) गुणोत्तरावर: शून्यानंतरचं सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं. लहान जितकं मोठ्याच्या जवळ, तितका वेग जास्त. दुवा कुठे पडतो, याला दुव्यांच्या संख्येइतकंच वजन आहे.

केंद्राचं म्हणाल तर, त्याच सरकवण्याच्या नियमाने एकाला एकोणीस जोडले की ४७ फेऱ्या होतात. समोरासमोर जोडलेलं वर्तुळ याहून वेगवान आहे. केंद्राने सगळे आकडे गोळा करून सरासरी परत पाठवली, तर दोन फेऱ्यांत काम होतं, हे खरं. पण ते केंद्र बंद पडलं की सगळंच बंद. शिवाय ओल्फाती-साबेर आणि मरी या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं, की सर्व दुव्यांवर सारखा विलंब असेल तर जाळं किती विलंब सोसेल हे सर्वांत मोठ्या आयगेनमूल्याच्या व्यस्त प्रमाणात असतं. आपल्या साध्या वर्तुळात ते ४, केंद्रवाल्या रचनेत २०. म्हणजे वर्तुळ पाचपट विलंब सोसतं.

राहिला नकाशा. शियाओ आणि बॉइड या संशोधकांनी २००४ मध्ये दुव्यांची सर्वोत्तम वजनं (कोणत्या दुव्यावर किती सरकायचं ते) काढली, तेव्हा अख्खं जाळं हाताशी धरलं होतं, हे मान्य. पण त्या लहान आयगेनमूल्याच्या सदिशातला (त्या मूल्यासोबत येणारी, प्रत्येक सेन्सरला एक आकडा देणारी यादी) आपापला घटक सेन्सर शेजाऱ्यांशी बोलूनच अंदाजू शकतात. मग दुव्याच्या दोन टोकांनी आपल्या घटकांतला फरक घेऊन त्याचा वर्ग करायचा. तो जिथे मोठा, तिथे वजन वाढवल्याने ते मूल्य सर्वांत जास्त वाढतं. हा हिशेब त्या दोघांतच होतो, तिसऱ्याला विचारावंही लागत नाही.