टरफल त्यांचं, भुर्जी माझी

ईस्टरची अंडी घरच्या घरी कशी सजवायची याचे व्हिडिओ बघायला बसलात तर रात्र सरेल पण व्हिडिओ संपणार नाहीत. नेलपॉलिशचा मार्बल इफेक्ट काय, शेव्हिंग फोममधे लोळवलेली अंडी काय, टिश्यू पेपरची फुलं काय. आणि त्या सगळ्या जणी टेबलावर पांढरीशुभ्र पोकळ अंडी मांडूनच सुरुवात करतात. ती पोकळ झाली कशी आणि आतलं गेलं कुणाच्या पोटात, यावर एक अक्षर नाही. तर ते कुणाच्या पोटात जातं हे मी सांगतो.

आम्ही जर्मनीत ड्रेस्डेनला राहतो. इथे ईस्टर जवळ आला की किटाच्या, म्हणजे बालवाडीच्या, दारावर चिठ्ठी लागते की प्रत्येक मुलाने फुंकून रिकामी केलेली अंडी आणावीत. मुलं ती रंगवतात आणि फुलदाणीतल्या फांद्यांना टांगतात, दिसतं फार गोड, नाही असं नाही. पण आमच्या घरात अंडं खाणारा प्राणी एकच, मी. बायको खात नाही, लेक 'शी, वास येतो' म्हणते, आणि सासूबाई नेमक्या तेव्हाच साताऱ्याहून आलेल्या, त्या अंड्याला नुसतं 'ते' म्हणतात.

ईस्टर पौर्णिमा बघून ठरतो, 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार, हे कळल्यावर सासूबाई जरा निवळल्या. "म्हणजे तिथी बघतात की हे लोक." मग लगेच, "पण हनुमान जयंतीच्या तोंडावर ते कशाला हो?"

तर त्याचं कारण उपासच आहे. पूर्वी ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात मांसाबरोबर अंडीही बंद असायची. आता माणसांनी उपास धरला म्हणून कोंबडी थोडीच धरते, ती आपली घालतच राहणार, मग ईस्टरपर्यंत घरात अंड्यांचा हा ढीग. म्हणजे रंगबिंग नंतर, मुळातला प्रश्न एवढाच की या अंड्यांचं करायचं काय. आमच्याकडे तो अजून तिथेच अडलाय.

आता फुंकणं. दोन्ही टोकांना सुईने भोक पाडायचं, खालचं जरा मोठं. सुई आत फिरवून बलक फोडायचा, तो फुटला नाही तर वाडगं धरून संध्याकाळपर्यंत बसा, काही येत नाही. मग वरच्या भोकाला ओठ लावून फुंकायचं. आधी काहीच होत नाही, कानात दडे बसतात, डोळ्यांपुढे काजवे, आणि मग एकदम खालून एक लांब चिकट दोरी लोंबायला लागते, ती ना तुटते ना पडते, आणि त्याच क्षणी सासूबाई पाणी प्यायला आत.

"काय हो करताय जावईबापू?"

"काही नाही आई, पोरीच्या शाळेचं आहे."

"रामा!" म्हणून त्या तहानलेल्याच परत गेल्या. या कामासाठी छोटा पंप मिळतो हे मला बायकोने नंतर सांगितलं, तिला आधीपासून माहीत होतं.

रिकामं झालेलं अंडं आतून पाण्याने धुवायचं, वाळवायचं. टांगायची युक्ती मात्र मला मनापासून आवडली. काडेपेटीतली अर्धी काडी घ्यायची, तिच्या मधोमध दोरा बांधायचा आणि काडी उभी भोकातून आत सोडायची. दोरा हळूच ओढला की काडी आतल्या आत आडवी होते, अंडं लटकतं. ज्याने कुणी हे शोधलं त्याला माझा साष्टांग.

इथल्या अंड्यांवर लाल शाईत नंबर छापलेला असतो, अंड्याचं आधार कार्डच म्हणा ना. पहिला आकडा 0 असेल तर ऑरगॅनिक, 1 म्हणजे कोंबडी बाहेर मोकळी फिरणारी, 2 म्हणजे शेडमधली, 3 म्हणजे पिंजऱ्यातली, पुढे देशाची अक्षरं. व्हिनेगरच्या बोळ्याने पुसलं की जातो. लेकीने पुसूच दिला नाही, तिच्या मते ते अंड्याचं नाव होतं.

रंग घरचेच करायचे असं बायकोने जाहीर केलं. बीट, हळद, लाल कोबी (जांभळा दिसतो पण पांढरं अंडं त्यात रात्रभर ठेवलं की निळं होतं, जादूच), आणि सगळ्यात पक्का रंग कांद्याच्या टरफलांचा. रंगाच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातलं की रंग नीट धरतो. शेजारच्या जर्मन आजींनी अजून एक दाखवलं. कोथिंबिरीचं पान अंड्यावर चापून बसवायचं, त्यावरून जुन्या स्टॉकिंगचा तुकडा ताणून गाठ मारायची, आणि टरफलांच्या पाण्यात उकळायचं. सोडल्यावर तपकिरी अंड्यावर पानाची नक्षी, एकेक शीर वेगळी. वर डुकराच्या चरबीचा तुकडा घासायचा म्हणजे चकाकी येते, असं त्या म्हणाल्या. आम्ही खोबरेल तेल चोपडलं. चकाकी आली, फक्त अंड्यांना वेणीफणीचा वास.

पण गंमत बघा. टरफलं हवीत म्हणून बायकोने पिशवीभर कांदे सोलले. सोललेले कांदे उरले. फुंकलेल्या अंड्यांचं वाडगं उरलं. हळद बाहेरच होती. कोथिंबिरीची पानं वापरून काड्या उरल्या. आता या सामानाचं दुसरं काय होऊ शकतं तुम्हीच सांगा. सकाळी भुर्जी, डब्यात भुर्जी-पाव, रात्री लाल कोबीची भाजी सगळ्यांना आणि मला सोबत भुर्जी. शिवाय पानांची नक्षीवाली उकडलेली होती ती वेगळीच. ऑफिसात लोक माझ्यापासून जरा लांब बसायला लागले.

थुरिंगियात झालफेल्ड गावी फोल्कर क्राफ्ट नावाच्या गृहस्थांनी 1965 पासून अंगणातलं सफरचंदाचं झाड अंड्यांनी सजवायला सुरुवात केली, वाढत वाढत ते 10,000 अंड्यांवर गेलं, लांबलांबून लोक बघायला यायचे. फोटो बघून बायको म्हणाली, "किती सुंदर!" माझ्या तोंडात आलं, "आतलं कोणी खाल्लं?" खरा हुशार रशियाच्या झारचा जवाहिरा फाबर्जे. 1885 साली झारच्या बायकोसाठी पहिलं अंडं घडवलं, वर पांढरं एनॅमल, आत सोन्याचा बलक, बलकाच्या आत सोन्याची कोंबडी. भुर्जीचा प्रश्नच मिटवला.

लेकीला किटातल्या सोर्बियन बाईंनी त्यांच्याकडच्या अंड्यांचं वेड लावलं म्हणून तासाभरावर बाउट्झेनलाही जाऊन आलो. सोर्ब लोक म्हणजे इथले मूळचे स्लाव्ह. पिसाचं टोक त्रिकोणी कापतात, वितळलेल्या मेणात बुडवून अंड्यावर ठिपका ठेवतात, रंगात घालतात, परत मेण, परत गडद रंग, शेवटी मेणबत्तीजवळ धरून मेण पुसलं की खालून सगळे रंग एकदम वर येतात. त्रिकोणांची रांग म्हणजे लांडग्याचे दात, वाईटापासून राखण करतात म्हणे. सासूबाई तिथे तासभर हलल्या नाहीत. 'ते' आहे हे विसरून एक हातात घेऊन उन्हाला धरून बघितलं आणि मग पर्समधल्या सॅनिटायझरने हात पुसले.

परत आल्यावर शेजारच्या आजींना मी न राहवून विचारलंच, तुम्ही इतकी वर्षं आतल्या मालाचं करता काय? त्यांनी मला एक बाटली दिली. बलक, साखर, साय आणि रम. आयरलिकर म्हणतात. मी ती फ्रिजच्या दारात ठेवली.

रात्री सासूबाईंनी दूध ठेवायला फ्रिज उघडला. "अगंबाई, आमरस आणलात वाटतं?"

"नाही आई, औषध आहे."

"कशावरचं?"

"भुर्जीवरचं."