पुंगळी काढा, नाव काढा

माणसाने आयुष्यात नाव काढावं, असं घरचे लहानपणापासून सांगत असतात. अभ्यासात काढावं, धंद्यात काढावं, गेला बाजार गाण्याबजावण्यात तरी काढावं. पण या सगळ्याला वर्षं लागतात. तुमच्याकडे तेवढा वेळ नाही, आणि (रागावू नका) तेवढं भांडवलही नाही. मात्र तुमच्याकडे दुचाकी आहे. दुचाकीला मागे सायलेन्सर आहे, सायलेन्सरात पुंगळी आहे आणि ती पुंगळी एका बोल्टावर अडकलेली आहे. नाव काढायला एवढं पुष्कळ झालं. पाना घ्या.

पुंगळी निघाली की भंगारात टाकण्याआधी क्षणभर हातात धरून बघा. भोकं पाडलेली नळी, भोवती काचेच्या लोकरीचं अस्तर, वरून काजळी. दिसायला भिकार वस्तू, पण हिने तुमचं आजवर केवढं नुकसान केलंय! एका सिलिंडरचं फोरस्ट्रोक इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा, आतला जळका वायू दाबासकट बाहेर उसळतो. सेकंदाला २५ धमाके! सायलेन्सर हे धमाके कप्प्याकप्प्यांतून फिरवतो, भिंतींवर आपटून परतवतो, एकाला दुसऱ्याच्या अंगावर घालून दोघांनाही गार करतो आणि उरलंसुरलं लोकरीत जिरवतो. शेवटी रस्त्यावर काय पोचतं? मांजराची घरघर. धमाके तुमचे, पेट्रोल तुमचं, आणि वाघाचं मांजर करणारा हा डबा कारखान्याने तुमच्याच पैशांत तुमच्या गळ्यात मारलेला.

या क्षेत्रातल्या एका घराण्याची कथा ऐकून ठेवा. हायरम मॅक्सिम या गृहस्थाने १८८४ साली मशीनगन शोधली. आयुष्यभर बंदुकांच्या संगतीत राहून पुढे त्याला ऐकू येईनासं झालं. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम याने काय करावं? बंदुकीचा सायलेन्सर शोधून काढला आणि त्याच तत्त्वावर इंजिनांचेही सायलेन्सर बनवले. बापाने जगभर आवाज केला आणि पोराने तो दाबला. घराण्याचं नाव घालवतात ते असं.

आता थोडं गणित, कारण तुमची थोरवी तुम्हालाच नीट कळलेली नाही. डेसिबलची मोजपट्टी साध्या फूटपट्टीसारखी नसते. आवाज १० डेसिबलने वाढला की ऊर्जा दहापट होते, आणखी १० ने वाढला की शंभरपट. म्हणजे तुमची गाडी शेजारच्या सभ्य गाडीपेक्षा २० डेसिबलने वरचढ असेल, तर तुम्ही एकटे बरोबर शंभर शहाणे. शंभर जणांनी मुकाट्याने नवे टायर घालावेत, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करावं, हॉर्नवरचा हात आवरावा, आणि त्या सगळ्यांची कमाई तुम्ही एका मुठीत उधळून लावावी! लोकशाहीत इतकं वजनदार मत दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

वेळ निवडताना मात्र घाई नको. भर दुपारी आवाज करणं म्हणजे बाजारात कुजबुजणं. तुमच्यासाठी रात्री दीड ते तीन हा मुहूर्त. रस्ता मोकळा असतो, बाकीची रहदारी झोपलेली असते, आणि निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार झाली की आवाज वर निघून न जाता खाली वाकतो आणि लांबवर पोचतो. निसर्गसुद्धा साथ देतो म्हणायचं. दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेली अरुंद गल्ली मिळाली तर सोन्याहून पिवळं, भिंती तुमचा आवाज एकमेकींकडे झेलत बसतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ साली सुचवलं, की रस्त्यावरच्या वाहनांचा रात्रीचा आवाज घराबाहेर सरासरी ४५ डेसिबलच्या आत असावा. सरासरी हा शब्द ऐकून खचू नका. आपले दहा सेकंद आठ तासांत कुठे विरून जातील, असं वाटतं ना? नाही जात. एखाद्या खिडकीपाशी तुम्ही दहा सेकंद ९० डेसिबल दिलेत आणि बाकीची रात्र ठार शांत गेली, तरी त्या रात्रीची सरासरी ५५ च्या आसपास भरते. २८,८०० सेकंदांपैकी फक्त दहा! एवढ्या कमी वेळात एवढं काम सरकारी खात्यांनाही जमत नाही.

आणि ते दहा सेकंद नेमके कुठे पडतात ते पाहा. चौथ्या मजल्यावर एक बाप पाऊण तास बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालतोय. अनवाणी, दिवा न लावता. आता त्याने वाकून बाळाला पाळण्यात ठेवलंय, पण मानेखालचा हात अजून तिथेच आहे. तो एकेक बोट सोडवून घेतोय. अंगठा निघाला, तर्जनी निघाली. श्वास रोखलेला. करंगळी तेवढी राहिली आहे.

हीच ती वेळ. मूठ पिळा.

जे जागे होत नाहीत त्यांच्यापर्यंतही तुम्ही पोचलेले असताच. डोळा न उघडताही माणसाच्या हृदयाचे ठोके वाढतात आणि गाढ झोप उथळ होते. सकाळी तो चिडचिडा उठतो आणि दोष उशीला देतो. गुप्तदान म्हणतात ते हेच. पक्ष्यांवरही तुमची छाप आहे. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात संशोधकांनी २००३ साली दाखवून दिलं, की गोंगाटाच्या भागातले ग्रेट टिट नावाचे चिमुकले पक्षी वरच्या पट्टीत गातात, कारण रहदारीची खालच्या पट्टीतली घरघर त्यांचं गाणं गिळून टाकते. पाखरांना पट्टी बदलायला लावणारे तुम्ही, आणि लोक तुम्हाला टवाळ म्हणतात!

या टवाळीला उत्तरं तयार हवीत. पहिलं उत्तर, ‘गाडीची ताकद वाढते.’ हे छातीठोकपणे सांगा. इंधन आणि हवेचा मेळ कारखान्याने त्या सायलेन्सरसकट जुळवलेला असतो आणि तो काढल्यावर खालच्या फेऱ्यांना गाडीची ओढ बरेचदा कमीच होते, हे मेकॅनिकला माहीत असतं, पण तो गिऱ्हाईकाचं मन मोडत नाही. दुसरं उत्तर, ‘आवाजामुळे अपघात टळतात, लोकांना आपण आल्याचं कळतं.’ हे फारच छान. फक्त नळीचं तोंड मागे असतं आणि ज्याला तुम्ही दिसायला हवेत तो बहुतेक वेळा पुढे असतो, हा तपशील कुणी काढला तर हेल्मेट चढवा आणि ऐकू येत नसल्यासारखं करा. तसं हळूहळू खरंच येईनासं होणार आहे. कानातल्या आवाज टिपणाऱ्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत आणि त्या नळीच्या सर्वांत जवळ रोज तुम्हीच बसता. शेवटी तुमचा आवाज गल्लीत फक्त तुम्हालाच ऐकू येणार नाही, पण त्यागाशिवाय कीर्ती कुठली?

पुढची पायरी फटाक्यांची. चालत्या गाडीचं इंजिन बटणाने बंद करायचं, मूठ पिळलेलीच ठेवायची आणि लगेच चालू करायचं. मधल्या वेळात न जळलेलं इंधन तापलेल्या नळीत साठतं आणि तिथेच पेटतं. ठाप! यात गाडीचं काय होतं हे विचारू नका. उत्प्रेरक, म्हणजे धुरातलं विष कमी करणारा तो महागडा भाग, या प्रकाराने लवकर निकामी होतो. पण ‘ठाप’नंतर खिडक्यांत पटापट लागणारे दिवे पाहिलेत का कधी? एवढी दाद नाटकवाल्यांनाही मिळत नाही.

चारचाकीवाल्यांनी मन लहान करू नये. त्यांच्याकडे हॉर्न आहे, मागे घेताना वाजणारी पिपाणी आहे, कुलूप लावल्याची पंचक्रोशीला वर्दी देणारं ‘पीप-पीप’ आहे आणि सर्वांवर कडी म्हणजे चोरघंटा. हे मी अनुभवाने सांगतोय. एका रात्री मी गल्लीतल्या गोंगाटाविरुद्ध तक्रारअर्ज लिहीत बसलो होतो. भाषा चांगली तापली होती. खाली एक पुंगळीवाला गेला आणि त्याच्या हादऱ्याने कुठल्याशा गाडीची चोरघंटा सुरू झाली. मी अर्जात लगेच ‘बेजबाबदार वाहनमालक’ हे शब्द घातले, खाली रेघ ओढली. वीस मिनिटांनी समोरच्या काकूंनी दार वाजवून सांगितलं, “अहो, तुमचीच आहे ती.” अर्ज अजून खणात आहे.

हॉर्नबद्दल मी फार बोलत नाही, तो विषय आता जुना झाला. लंडनमध्ये १९३४ सालीच रात्री साडेअकरा ते सकाळी सातपर्यंत हॉर्नबंदी आली, आणि ब्रिटनच्या वस्त्यांमध्ये ती अजूनही आहे. मुंबई पोलिसांनी तर २०२० च्या सुरुवातीला एका प्रयोगाची चित्रफीतच दाखवली. सिग्नलला हॉर्नचा कल्लोळ ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. हॉर्न वाजवल्याने सिग्नल लवकर सुटतो या आपल्या परंपरागत श्रद्धेवर इतका क्रूर घाला दुसरा कुणी घातलेला नाही.

परंपरेचा विषय निघालाच आहे तर सांगतो, तुमचं कूळ मोठं आहे. ज्युलियस सीझरच्या काळात रोममधल्या गर्दीवर उपाय म्हणून दिवसा मालाच्या गाड्यांना बंदी झाली. गाड्या रात्री येऊ लागल्या आणि दगडी रस्त्यांवरच्या त्या खडखडाटाने रोमची झोप उडाली. न्यूयॉर्कने १९३० साली शहरातल्या गोंगाटाचा अहवाल काढला, त्यात म्हटलं होतं की काही रस्त्यांवर बंगालचा वाघ डरकाळ्या फोडत उभा राहिला तरी जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या कानी पडणार नाही. वाघ! आणि घोडागाड्यांच्या जमान्यात घरात कुणी फार आजारी असलं तर समोरच्या रस्त्यावर जाड पेंढा अंथरायची पद्धत होती, चाकांचा आवाज दबावा म्हणून. गाडीवानाला पेंढा दिसला की आत काय चाललंय ते कळायचं. तुमच्या सुदैवाने आता डांबर आहे. कोणत्या खिडकीमागे कोण पडून आहे, हे रस्त्यावरून ओळखू येत नाही.

सावध मात्र राहा, शत्रू कामाला लागलेत. पॅरिस परिसरात ‘मेड्यूज’ नावाचं यंत्र बसवलंय. मेड्यूज म्हणजे जेलीफिश. त्याला चार कान असतात. चारही कानांवर आवाज पडायच्या वेळेत जो बारीकसा फरक असतो त्यावरून तो कुठून आला हे ते ओळखतं आणि चित्रात नेमक्या त्या गाडीवर ठिपका ठेवतं. इतकी वर्षं गर्दीत ‘मी नाही, तो पुढचा’ म्हणायची सोय होती, ती या जेलीफिशने बुडवली. शहराच्या बहुतेक रस्त्यांवर तिथे २०२१ सालापासून ताशी ३० किलोमीटरची मर्यादाही आहे. कुठे कुठे तर सच्छिद्र डांबर घालतात, टायरखालची हवा भोकांत शिरते आणि घरघर कमी होते. या डांबराला तुम्ही घाबरू नका. मोटारींच्या टायरचा आवाज इंजिनावर कुरघोडी करतो तो वेग वाढल्यावर. गल्लीतल्या संथ चालीत आवाज इंजिनाचा, म्हणजे तुमच्या मुठीचा. मुठीवर अजून कुणी डांबर घातलेलं नाही.

गोंगाटाविरुद्ध सभा भरलीच, तर झाडांचा पुरस्कार करा. ‘रस्त्याकडेला झाडं लावू, आवाज अडेल,’ असं म्हटलं की सगळे माना डोलावतात. झाडं लावावीतच, सावली मिळते. पण एका ओळीतल्या झाडांनी आवाज जवळजवळ अडत नाही. फक्त रस्ता दिसेनासा झाल्यामुळे माणसाला बरं वाटतं. रोपं, खड्डे, पाणी, फोटो यांत दोन पावसाळे निघून जातील. तेवढ्या काळात पुंगळीचा विषय कुणी काढणार नाही. कुणी काढलाच, की ‘बोल्ट एकच आहे, पाच मिनिटांत परत बसतो, मेकॅनिकला दुकानाबाहेर रोज किती पुंगळ्या पडलेल्या असतात ते विचारून या,’ तर ‘पोरांचं वय आहे, चालायचंच’ म्हणून विषय मिटवा. वय विचारलं तर सांगू नका.

एवढं सगळं पार पाडून पहाटे घरी निघाल की एक शेवटची सूचना. तुमच्या गल्लीच्या वळणाआधी, पानटपरीच्या अलीकडेच इंजिन बंद करा. उरलेलं अंतर गाडी हाताने ढकलत न्या. जड जाते, घाम येतो, पण सवय होते. स्टँड पायाने आपटून लावू नका, हाताने धरून टेकवा. किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट आवळा, वाजू देऊ नका. कडी सरकवताना बोट मध्ये ठेवा. आईने झोपेची गोळी घेतलीय, पण तिला आत्ता कुठे डोळा लागलाय.