हिरवं सफरचंद कच्चं नसतं, आणि बिनसाखरेचंही नसतं

पुण्यात सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. ग्रीन ॲपल म्हणजे लाल सफरचंदच, कच्चं तोडून औषधाने हिरवं ठेवलेलं. वर प्लास्टिकचा थर. मात्र त्यात साखर नसते, म्हणून डायबेटिसवाल्यांनी दिवसाला तीन-चार खावीत, तीही कच्चीच, कारण शिजवलं की फुकट जातं. यातलं एकही विधान खरं नाही, आणि एक तर धोक्याचं आहे.

आधी रंगाचं. बाजारातलं हिरवंगार सफरचंद बहुधा ग्रॅनी स्मिथ जातीचं असतं. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या ईस्टवूडमध्ये मारिया ॲन स्मिथ यांच्या बागेत आपोआप उगवलेल्या रोपापासून ही जात आली, 1868 च्या सुमारास. ती पिकल्यावरही हिरवीच राहते. घाईने तोडण्याचा तर प्रश्नच नाही, उशिरा तयार होणाऱ्या जातींत ती मोडते. हिमाचलची लाल डेलिशस ऑगस्ट-सप्टेंबरात पुण्याच्या गुलटेकडी बाजारात उतरतात, तर अमेरिकेत ग्रॅनी स्मिथची तोडणी ऑक्टोबरापर्यंत चालते. घरी खात्री करायची असेल तर फळ आडवं चिरा. बिया गडद तपकिरी असतील तर फळ तयार झालेलं आहे. कोवळ्या फळाच्या बिया पांढुरक्या असतात. फार दिवस ठेवलं तर साल पिवळसर होते आणि करकरीतपणा जातो, म्हणजे रंग औषधाने गोठवलेला नाही.

सुरीने खरवडल्यावर निघणारा पांढरा भुगा मेणाचा. सफरचंद स्वतःही मेण तयार करतं. पॅकिंगआधी धुताना ते निघतं, म्हणून वरून लावतात. मधमाश्यांचं मेण, कार्नोबा पामच्या पानांचं मेण आणि लाख यांना आपल्याकडे परवानगी आहे. नको असेल तर कोमट पाण्यात चोळून धुवा.

आता साखर. घरातल्या आजी-आजोबांना हा मेसेज दाखवून कोणी चार-चार फळं चिरून देत असेल, तर कृपया थांबा. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यात 100 ग्रॅम ग्रॅनी स्मिथमध्ये सुमारे 9.6 ग्रॅम साखर आहे, लाल डेलिशसमध्ये सुमारे 10.5. फरक एवढाच. जिभेला गोडी कळत नाही ती मॅलिक आम्लामुळे. साखर असते, आंबटपणाखाली झाकली जाते. 180 ग्रॅमच्या एका फळात साधारण 17 ग्रॅम, म्हणजे चार चमचे साखर झाली. चार फळांची सोळा. डायबेटिस असला तरी सफरचंद वर्ज्य नाही. सालासकट, चावून, डॉक्टरांनी आखून दिलेल्या मापात जरूर खावं. रस काढू नये, कारण गाळताना चोथा जातो आणि साखर तेवढी राहते.

शिजवण्याबद्दल तर मेसेज अगदीच उलटं सांगतो. क जीवनसत्त्व थोडं कमी होतं हे खरं, पण पेक्टिन आणि बाकीचा चोथा राहतो. शिवाय हे सफरचंद शिजवण्यासाठीच नावाजलेलं. लाल डेलिशसचा लगदा होतो, याच्या फोडी आकार धरून राहतात. त्यामुळे साखरांब्याला उत्तम. कैरी नसेल त्या दिवसांत किसून तक्कू करा: कांदा, मीठ, तिखट, किंचित गूळ आणि वरून गार केलेली मोहरी-हिंगाची फोडणी. आंबटपणा फळाचाच असल्याने लिंबू पिळायची गरज पडत नाही.