ताशाने कान ‘तयार’ होत नाही

गणपती जवळ आले की पथकांच्या ग्रुपवर एक सल्ला फिरतो: ‘पहिले चार दिवस कानात शिट्टी वाजेल. मग कान तयार होतो, आवाज लागत नाही. रात्री झोप झाली की सगळं पूर्ववत. फार तर कापूस घाला.’

‘आवाज लागत नाही.’ बरोबर, कारण ऐकूच कमी येतं. आतल्या कानातल्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, थकतात आणि ऐकू येण्याचा उंबरठा, म्हणजे ऐकू यायला लागणारा किमान आवाज, वर सरकतो. दडे बसतात ते यामुळेच. करून बघा. सरावाआधी शांत खोलीत मोबाइलवर बातम्या लावा, आवाज शब्द जेमतेम कळतील इतकाच. सरावानंतर तेवढ्याच आवाजावर पुन्हा ऐका. शब्द निसटले तर कान तयार नाही, बधिर झालाय.

कानाकडे स्वतःचं एक संरक्षण आहे खरं. मोठ्या आवाजाला मधल्या कानातल्या रिकीब या हाडाचा चिमुकला स्नायू आवळतो. पण तो आवळेपर्यंत सेकंदाचा काही शतांश भाग जातो; ताशाच्या काडीचा कडाका तोवर आत पोचलेला असतो. शिवाय हा स्नायू ढोलाचा घुमारा थोडाफार अडवतो, ताशाचा तीक्ष्ण आवाज जवळजवळ नाहीच. सरावाने यात फरक पडत नाही.

‘झोप झाली की पूर्ववत.’ सगळ्यात घातक वाक्य हे. शिट्टी थांबते, श्रवणचाचणीही चांगली येते. पण 2009 मध्ये कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं की उंबरठा मूळ जागी आल्यावरही केसपेशी आणि मज्जातंतूंमधले जोड तुटलेलेच राहतात, काही भागात निम्म्यापर्यंत. माणसातला पुरावा अजून अप्रत्यक्ष आहे. मेलेल्या केसपेशी मात्र माणसात पुन्हा उगवत नाहीत, हे पक्कं. फटका बहुधा आधी 4000 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तीक्ष्ण आवाजांना, बसतो. मग ‘स’, ‘श’ पुसट होतात. लग्नाच्या पंगतीत बोलणं ऐकू येतं, कळत नाही.

कानाला किती वेळ सोसतं याचा हिशोब असा: 85 डेसिबलला दिवसाचे 8 तास, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 100 डेसिबलला 15 मिनिटं!

कोरडा कापूस फारसं काही अडवत नाही. फोमचे प्लग घ्या. बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. नीट बसला तर स्वतःचा आवाज डोक्यातून घुमल्यासारखा येतो. नाही आला तर काढा, पुन्हा वळा.